पब्लिकची बिडी

आमचे माईकवाले भाऊ बिडी पीत नव्हते, पण पब्लिकसाठी जाळत होते. एवढ्यावरून कोणाला काही समजणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून सावकाश सांगते. थोडक्यात सांगणं मला तसंही जमत नाही. घरचे म्हणतात, हिला पाणी मागितलं तर ही विहिरीची गोष्ट सांगते.

आदिलाबादकडचं जैनथ सोडून पैनगंगेकडे उतरत गेलं की आमचं गाव लागतं. नदीच्या पलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आंध्रात आम्ही. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी आणि जमिनीचे जुने कागद उर्दूत. भाऊ म्हणायचे, "भाषा लय हायेत बाई आपल्याकडं. आयकनारे कमी हायेत."

त्यांचा धंदा भोंग्याचा. एक भोंगा, एक मशीन, ट्रकची जुनी बॅटरी आणि एक माईक, एवढा संसार. सायकलच्या दांडीला भोंगा बांधून ते निघाले की लांबून वाटायचं, धोत्र्याचं एक मोठं फूल रस्त्यानं चालून राहिलं आहे. आसपासच्या गावांत दुसरा भोंगा नव्हता. त्यामुळे सप्ताहाला तोच, उरुसाला तोच, आमच्या वस्तीतल्या जयंतीला तोच, लग्नाला तोच आणि इलेक्शन आलं की सगळ्या पक्षांना तोच. सकाळी एका पक्षाला मुर्दाबाद केलेला भोंगा संध्याकाळी त्याच पक्षाला जिंदाबाद करायचा. कोणी हसलं तर भाऊ म्हणायचे, "भोंग्याले धरम नसते, पक्ष नसते. बॅटरी असते. आनि बॅटरी उतरली की सारे सारखेच."

प्रत्येक कार्यक्रम झाला की ते रुमालानं माईक घासून घासून पुसायचे. मी एकदा विचारलं, "थुंकी उडते का हो भाऊ?" तर म्हणाले, "थुंकीचं काय नाई. आजच्या भाषणातलं थोडंसं राहून गेलं आन् उद्या कीर्तनात निंगालं तर? बुवा म्हनन, देवानं रस्ता मंजूर केला."

माईक सुरू करताना जगातले सगळे लोक हॅलो हॅलो करतात. भाऊ तसं करत नव्हते. ते विचारायचे, "आयकून राह्यले का?" आणि थांबायचे. समोरून कोणी तरी "हव!" म्हटल्याशिवाय पुढचं बटण फिरवत नव्हते. पुढारी स्टेजवर ताटकळलेला असला तरी नाही. म्हणायचे, "सांगनाराचा आवाज मोठा कराची मशीन निंगाली. आयकनाराचा कान मोठा कराची अजून नाई निंगाली. तवरक इचारूनच घ्या लागते."

आता बिडीचं.

भोंगा न्यायचा तर त्यांची एक अट होती. सांगणाऱ्याचं सांगून झालं की माईक लगेच बंद करायचा नाही. भाऊ खिशातून एक बिडी काढणार, पेटवणार, आणि ती जळेपर्यंत पाळी पब्लिकची. खाली बसलेल्यांतून कोणीही उठावं, बाई असो, माणूस असो, काय म्हणायचं ते म्हणावं. मध्ये तोंड घालायचं नाही, माईक हिसकायचा नाही. बिडी विझली की पाळी सरली.

"भाऊ, घड्याळ लावा न," कोणी म्हणे.

"घड्याळ पाहून मानूस घाबरते. बिडी पाहून कोन घाबरते?"

पण बिडीचं एक असतं, ओढली नाही तर ती विझते. म्हणून भाऊंना झुरका मारावा लागायचा. सवय नसल्यामुळे पहिल्याच झुरक्याला ठसका. डोळ्यांतून पाणी. त्यातही त्यांची तऱ्हा होती. उठलेला माणूस नुसती बाष्कळ बडबड करू लागला तर बिडी अशीच विझू द्यायचे. आणि एखादा अडखळत का होईना खरं बोलू लागला, तर ठसका गिळून तिला फुंकत राहायचे, चुलीतल्या निखाऱ्याला फुंकतात तसं.

देवाधर्माच्या कार्यक्रमात ही पाळी झकास चालायची. एकदा एक महाराज आले होते. त्यांनी दोन तास सांगितलं की हे जग सगळं माया आहे, दिसतं ते काही खरं नाही. बिडी पेटली. एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "महाराज, सारी माया हाय हे पटलं मले. मंग दुपारी पंगतीत वरनावर तूप वाढा, अजून वाढा, असं काऊन म्हनत होते तुमी?" मंडपभर हसू. पण महाराज माणूस चांगला निघाला. तेही पोट धरून हसले आणि म्हणाले, "माय, वरण माया आहे हे समजलं, तुपापर्यंत अजून पोचायचा आहे मी." त्या दिवसापासून गावाचा त्यांच्यावर जीव जडला. पुढच्या वर्षी त्यांनाच बोलावलं, तूप जास्तीचं करून.

इलेक्शनच्या सभेत मात्र बिडी पेटली की सगळे पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसायचे. कोणी उठत नसे. बिडी आपली जळून जायची. भाऊ थोटूक विझवत आणि माईकवर सांगत, "आज पब्लिकचं काई म्हननं नाई. पुढच्या पाळीले पाहू." म्हणून तर पक्षवाले त्यांची अट मान्य करायचे. जो उठणारच नाही त्याला पाळी द्यायला कोणाचं काय जातं? उलट भाषणात सांगता यायचं, की पहा, आमच्या सभेत जनतेला बोलायची मोकळीक आहे.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, देवाच्या माणसाले लोक काईबी इचारतात, आन् पुढाऱ्याम्होरं वाचा बसते. असं काऊन?"

"देव रेशन कारड कापत नाई, बाई," भाऊ म्हणाले.

त्यांचं घर आमच्या वस्तीच्या वाटेवर होतं. कापूस वेचायला जाता-येता मी त्यांच्या ओट्यावर टेकत असे. ओट्यावर भाऊंचं चालूच असायचं. लोकशाही म्हणजे काय, धर्म म्हणजे काय, एका माणसानं बोलायचं आणि हजारानं ऐकायचं हा कुठला न्याय. ऐकत राहावंसं वाटे. आतून वहिनी येत, चहाची कपबशी ठेवत आणि म्हणत, "मी काय म्हनते..."

"तू थांब व," भाऊ म्हणत. "मोठी गोठ चालू हाय."

वहिनी थांबत. असं मी किती वेळा पाहिलं असेल. आम्ही हसायचो. वहिनीही हसायच्या.

आता माझी गोष्ट. मी शाळेत गेलेली नाही. माझी पोरगी पहिलीत गेली तेव्हा तिच्या पुस्तकावर मीही बोट ठेवायला लागले. ती दिवसा शाळेत शिकायची, संध्याकाळी चुलीपुढे मला शिकवायची. ती तिसरीपर्यंत गेली, तिच्या मागोमाग मीही गेले. आणि मग गावच्या मराठी शाळेचा मास्तर बदलून गेला, त्याच्या जागी कोणी आलंच नाही. तेलुगूचे सार, म्हणजे सर, होते, भले होते, पण त्यांना मराठी येत नव्हती. ते बिचारे पोरांना गोष्टी सांगत हातवारे करून. एक वर्ष गेलं, दुसरंही जायला आलं. पोरं शाळेत जात, घंटा वाजवत आणि घरी येत. माझी पोरगी तिसरीच्या पुस्तकात अडली आणि तिच्यामागे मी. शेजारणी म्हणू लागल्या, आता तिला कापूस वेचायला ने, बसून काय करते.

त्या वर्षीच्या जयंतीला शहरातून एक पाहुणे आले होते. फार छान बोलले. शिका म्हणाले, शिकल्याशिवाय गती नाही. बिडी पेटली, आमच्या वस्तीतले एक आजोबा उठले आणि म्हणाले, "शिकतो सायेब. पन शिकवाले कोन हाय?" लोक हसले. मीही हसले आणि घरी गेले. भाऊ भोंगा उतरवत होते. मला म्हणाले, "हसून मोकळं होता न तुमी लोक. चांगली गोठ हसन्यात वाहून जाते."

मग इलेक्शन आलं. तालुके मोडून सरकारी मंडळं नवी नवी झाली होती, सगळ्यांना सगळं नवीन होणार असं वाटत होतं. एक उमेदवार आमच्या गावी आले. पांढरे शुभ्र कपडे, मागे जीपगाड्या. आधी तेलुगूत बोलले, मग हिंदीत, आणि शेवटी खास आमच्यासाठी पाठ करून आणलेलं मराठी. मराठी माझ्या मावशीसारखी आहे म्हणाले. मराठी भाषेचं रक्षण करू, तिच्यासाठी प्राण देऊ. टाळ्या पडल्या.

मी बायांच्या मागच्या रांगेत होते. मला टाळी वाजवता येईना. प्राण कोणाला पाहिजेत? मास्तर पाहिजे.

भाषण संपलं. भाऊंनी बिडी पेटवली. ठसका लागला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. कार्यकर्ते हार गोळा करू लागले. मी पाहत होते, बिडी जळत होती आणि भाऊ समोरच्या लोकांकडे बघत होते, एकेकाच्या तोंडाकडे. असे ते किती वर्षं पाहत आले असतील. मला एकदम वाटलं, ही बिडी आजही अशीच गेली तर उद्यापासून माझी पोरगी माझ्यासोबत कापसाच्या सरीत.

मी उठले. कशी उठले ते मला आजही सांगता येत नाही. माईकपर्यंत गेले. इतकी माणसं मी समोरून कधी पाहिली नव्हती.

"आमच्या शाळेत मास्तर नाई," मी म्हटलं. भोंग्यातून माझा आवाज गावावर गेला, तिकडून परत आला, आणि मी त्या आवाजालाच भ्याले. पुढचं सगळं विसरले. तोंड उघडं, शब्द नाही.

एक कार्यकर्ता पुढे आला, "चला बाई, झालं, बसा." भाऊंनी त्याला हातानंच अडवलं आणि बिडी दाखवली. जळत होती. ते तिला फुंकत होते. झुरका, ठसका, झुरका, ठसका. मी गप्प, माईक चालू. आता काय झालं, भोंग्यातून ती चुप्पीच गावभर ऐकू जाऊ लागली. एका लेकराचं रडणं, कोणाच्या तरी म्हशीचं हंबरणं, बायांच्या बांगड्या. एवढी मोठी सभा आणि भोंग्यातून नुसती शांतता. उमेदवारांना काही तरी बोलणं भाग पडलं. त्यांना माझ्या पाळीत तोंड घालता येत नव्हतं, पण ती चुप्पीही सोसवेना.

"चेप्पु अम्मा," ते म्हणाले. म्हणजे, सांग माय.

तेव्हा मला शब्द सापडले. "माही पोरगी तिसरीत आडली, सायेब. तिच्यामागं मी आडली. मावशीसाठी प्रान नका देऊ. मास्तर द्या."

बिडी विझली.

आता तुम्हाला आणखी एक सांगायला हवं. भाऊंनी सगळ्या गावाला शिकवून ठेवलं होतं, की पुढारी खोकला की आश्वासन येतं. "पुढारी बदलते, खोकला तोच," असं म्हणायचे. तर त्या उमेदवारांनी माईक हातात घेतला, घसा साफ केला आणि खोकले. अख्खी सभा हसली. ते बावरले, पण वचन दिलं: निवडून आलो की महिन्याभरात मास्तर.

निवडून आले. महिना गेला, उन्हाळाही गेला. मास्तर नाही.

मी भाऊंच्या ओट्यावर जाऊन रडले. "काय फायदा झाला बोलून?"

आतून वहिनी आल्या. "मी काय म्हनते, एकदा इचारलेलं..."

"तू थांब व," भाऊ म्हणाले. आणि मला म्हणाले, "एकदा इचारलेलं मानूस इसरते, बाई. पुन्हा पुन्हा इचारलेलं इसरता येत नाई."

वहिनी आत गेल्या. त्यांचंच वाक्य होतं ते. त्या वेळी ना मला समजलं, ना भाऊंना.

तर आम्ही बायांनी ठरवलं. भोंगा जिथे, तिथे पब्लिकची पाळी, आणि पाळीला एकच सवाल. सप्ताहात विचारला. उरुसात विचारला; तिथल्या मौलवींनी तर दुवाच मागितली मास्तरासाठी. बारशाला विचारला. एका पाटलाच्या घरच्या लग्नात मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, भाऊंनी बिडी पेटवली आणि माझी शेजारीण उभी राहिली, "आमच्या शाळेत मास्तर कवा येनार?" नवरदेव घामाघूम. "मले काऊन इचारता बाई? माहं तं आत्ताच लगन लागलं!"

पण वरपक्षाकडून त्या लग्नात शिक्षण खात्यातले एक मोठे साहेब जेवायला आले होते. त्यांच्या हातातला बुंदीचा लाडू हातातच राहिला. शेजारच्याला विचारलं, ही काय भानगड? त्यानं सांगितलं, "सायेब, इथं हे रोजचंच हाय. बारशातबी इचारतात."

पुढच्या वर्षीचा पोळा झाला आणि एका दुपारी बसमधून लोखंडी पेटी घेऊन एक तरुण उतरला. भैंसा गावाकडचा होता, मराठी शिकवणारा. उतरताच त्यानं शाळा कुठे आहे हे विचारलं नाही. विचारलं, "माईक कुठे आहे? साहेबांनी सांगितलंय, पोचल्याबरोबर माईकवरून सांग की मास्तर आला, म्हणजे त्या बाया थांबतील."

भाऊंनी त्याच्यासाठी भोंगा चढवला. "आयकून राह्यले का?" "हव!" असा हव मी पुन्हा कधी ऐकला नाही. मास्तर माईकवर म्हणाला, "मी आलो." तेवढंच. भाऊंनी बिडी पेटवली. आमच्या वस्तीतले तेच आजोबा उठले, "राहसान न, बाप्पा?"

राहिला. माझी पोरगी चौथीत गेली, पाचवीत गेली, पुढे आदिलाबादला जाऊन शिकली. मी तिच्या पाचवीपर्यंत सोबत गेले, मग ती फार पुढे निघून गेली. पण हे जे मी लिहून राहिले आहे, ते तेवढ्याच शिदोरीवर.

पुढे काळ बदलला. आदिलाबादहून मोठमोठे साऊंडचे डबे येऊ लागले, छातीत धडधडणारे. घरोघरी टीव्ही आले, त्यात माणसं आपली बोलतच राहायची, कोणाच्या पाळीची वाट न पाहता. भाऊंचा एकुलता भोंगा म्हातारा झाला. ते स्वतःही. पब्लिकसाठी ओढलेल्या बिड्यांनी छाती धरली होती. डॉक्टरांनी सांगितलं, बिडी बंद. भाऊ म्हणाले, "मी पीतच नाई डॉक्टर, पब्लिक पिते." डॉक्टरांना काही कळलं नाही.

बिडी बंद म्हणजे पाळी बंद, या काळजीनं ते खचले. आमच्या बायांच्या मंडळाची सभा होती, भाऊ मशीनपाशी तोंड पाडून बसलेले. तेव्हा वहिनी घरून आल्या आणि देवापुढची उदबत्ती काढून माईकसमोर मातीत खोचली.

"हे लावा. फुकाव लागत नाई, इजत नाई."

"तू थांब..." भाऊंचं तोंडात आलं होतं. पण उदबत्तीकडे पाहिलं आणि काडेपेटी काढली. पेटवली. ती इतका वेळ जळली की बायांचं बोलणं संपलं तरी उदबत्ती उरली. पक्षवाल्यांना ही गोष्ट आवडली नाही. बिडी परवडली, म्हणायचे.

त्यानंतर थोड्याच वर्षांत भाऊ गेले. तेरवीला गाव लोटलं. पाटील आले, तेलुगूचे सार आले, उरुसवाले आले, आमची वस्ती तर सगळीच. कोणी तरी त्यांचा भोंगा त्यांच्याच घराच्या धाब्यावर चढवून ठेवला होता. फोटोपुढे उदबत्ती लावली, जशी सगळीकडे लावतात. मोठमोठी माणसं माईकवर बोलली. भाऊ कसे न्यायी होते, कसे सगळ्यांना पाळी द्यायचे. बोलून झाले आणि खाली बसले.

मग मागून कोणाचा तरी आवाज आला, "उदबत्ती जळून राह्यली न? पाळी पब्लिकची हाय."

घरातून वहिनी बाहेर आल्या. डोक्यावर पदर, हात अजून पिठाचे. माईकपाशी गेल्या.

"आयकून राह्यले का?" त्यांनी विचारलं.

"हव," आम्ही म्हणालो.

"साऱ्या गावाची पाळी आली. मुलुखाची आली. माही नाई आली." वहिनींचा आवाज भोंग्यातून नदीकडे गेला. "जवा जवा मी तोंड उघडलं, तवा तवा म्हने, तू थांब व. थांबली मी. आता ते थांबले. आता मी बोलते."

कोणी हसलं, कोणी डोळ्यांना पदर लावला. फोटोतले भाऊ पाहत होते. वहिनी बोलू लागल्या. पहिल्या दिवशी सासरी आल्या तेव्हा जोंधळ्याच्या कणगीच्या जागी भोंगा ठेवलेला पाहून काय वाटलं होतं, तिथून. काय बोलायच्या त्या! आमच्यातल्या कोणालाही जमणार नाही असं बोलणं. भाऊंना असं झापून काढलं आणि त्यांच्यावर अशी माया केली, एकाच वाक्यात, की समजेना रडावं का हसावं.

बोलता बोलता त्यांचं लक्ष उदबत्तीकडे गेलं. काडी खालपर्यंत आली होती. वहिनी अडखळल्या, सवयीनं थांबू लागल्या.

मी उठले. पुड्यातून दुसरी उदबत्ती काढली आणि पहिलीच्या विस्तवावर धरली. धरेना लवकर. मी फुंकर घातली.